कुंभाराचे गाढव

जे यंत्र कायमचे बंद पडते ते मनुष्याच्या बुद्धीची परीक्षा पाहते. परंतु जे कधी चालते व कधी चालत नाही, ते त्याच्या न्यायबुद्धीचीही परीक्षा पाहते. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. तथापि वडगाव रासाई येथील आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात जो प्रकार घडला, तो ऐकल्यावर वाचकांस ते तसे वाटणार नाही, अशी आमची उमेद आहे.

आमच्यापाशी बारा-तेरा वर्षांचा जुना लॅपटॉप आहे. भीमेच्या काठच्या ह्या गावी आमचे लेखन त्यावरच चालते आणि महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या अभ्यासही त्यावरच करतो. पौषाच्या सुमारास हे यंत्र लहरीने वागू लागले. बटण दाबावे, दिवा लागावा, पंखा फिरावा आणि पडदा मात्र काळाच राहावा! दोन वेळा ते शिरूरला नेले. दोन्ही वेळा कारागिरासमोर ते बिनतक्रार सुरू झाले.

लवकरच आमच्या ध्यानात आले की, बिघाड होई तो पुतण्याच्या हातून. आमच्या हातून कधीच नाही. त्यावरून त्याने ते कोठेतरी आपटले असावे व ती गोष्ट तो लपवीत असावा, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि चार माणसांत बोलूनही दाखविला. "काका, मी फक्त बटण दाबतो," एवढेच तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने यंत्रास हात लावणे सोडले आणि आश्चर्य असे की, बिघाडही थांबला. आमच्या मतास ह्याहून भक्कम पुरावा कोणता हवा होता?

पुढे एके दिवशी लेख वेळेवर पाठवावयाचा म्हणून आम्ही स्वतःच पहाटे सहा वाजता यंत्रापुढे बसलो. पडदा काळा! दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तेव्हा आमचे डोळे उघडले. मुलगा अभ्यासाला बसे तो पहाटे, थंडीत. आम्ही लिहावयास बसू ते दुपारी.

आपल्या नैयायिकांनी ह्या चुकीस फार पूर्वीच नाव देऊन ठेविले आहे. कार्याच्या आधी जे नियमाने असते ते कारण, हे तर खरेच. पण आधी असणारे सर्वच कारण नव्हे. घडा होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव अंगणात हजर असते. तरी त्यास कोणी घड्याचे कारण म्हणत नाही, कारण त्याच्यावाचूनही घडा होतो. अशा पदार्थास ते अन्यथासिद्ध म्हणतात. आमच्या घरी आम्ही त्या गाढवासच पकडून शिक्षा केली होती. एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे, हे अन्वय व व्यतिरेकही आम्हांस दिसत होते. परंतु मुलाबरोबर वेळही बदलत होती, हे आम्ही पाहिले नाही. त्यास दुपारी बसवावयाचे आणि आपण पहाटे बसावयाचे, एवढ्या प्रयोगास दोन-चार दिवस पुरते. आरोप करण्यास मात्र एक क्षण पुरला.

ह्यानंतर शोध रीतसर सुरू झाला आणि वही पुतण्याने ठेविली. एका वेळी एकच फेरफार करावयाचा, हा नियम ठरला. ॲडॅप्टर मल्टीमीटरने तपासला. त्याचे 19 व्होल्ट बरोबर भरले. बॅटरी काढून, तार सोडवून, आत उरलेला विद्युद्भार जावा म्हणून 30 सेकंद बटण दाबून धरले. दोन पहाटे यंत्र सुरू झाले व आम्ही आनंदलो; तिसऱ्या पहाटे पडदा पुन्हा काळा. आतील घड्याळ सांभाळणारा 3 व्होल्टांचा नाण्याएवढा सेल बदलला. तारीख चुकण्याचे थांबले, मूळ दुखणे राहिलेच.

येथे वहीचा उपयोग कळला. तीन पहाटेंत सरासरी एकदा बिघाड होत असेल, तर काहीही न करता लागोपाठ दोन पहाटे सुखरूप जाण्याचा संभव नवांत चार, म्हणजे जवळजवळ निम्मा आहे. ओळीने दहा पहाटे तशा जाण्याचा संभव मात्र साठांत एकाच्या आसपास. तेव्हा दहा दिवस वाट पाहिल्यावाचून कोणत्याही उपायास यश द्यावयाचे नाही, असे ठरले. औषध घेतल्यावर उतरलेला ताप औषधानेच उतरला, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा करून पाहावा.

शेवटी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दाते खोडरबराने पुसले. तरीही बिघाड होताच पट्ट्यांची अदलाबदल केली. कोणतीही पट्टी दुसऱ्या खाचेत असली की थंड पहाटे यंत्र अडे. पहिल्या खाचेत दोहोंपैकी कोणतीही एकटी चाले. दोष पट्टीबरोबर गेला नाही, खाचेपाशीच राहिला. थंडीने धातू आकुंचन पावतो व जुन्या सांध्यातील केसाएवढी फट उघडते; ऊब येताच ती मिटते. बहुधा असेच घडत असावे. ती खाच आता रिकामी आहे. यंत्र निम्म्या स्मृतीवर सावकाश चालते, पण चाळीस पहाटे ते अडलेले नाही.

आम्ही "बहुधा" म्हणतो ते जाणूनबुजून. यंत्राविषयी तर्क चुकला, तर खिळा पुन्हा आवळता येतो. माणसाविषयी चुकला, तर तो माणूस बोलावयाचे सोडतो आणि त्याचे ते मौन आपण कबुली समजतो. घरातील गडीमाणसे, शाळेतील मुले, नव्याने आलेली सून ह्यांच्यावर रोज जे दोष ठेविले जातात, त्यांतील कितींच्या मागे "तेव्हा तेथे तेच होते" ह्यापलीकडे काही पुरावा असतो, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

पुतण्याची क्षमा आम्ही त्याच चार माणसांसमोर मागितली. त्या वाक्यात मात्र "बहुधा" हा शब्द नव्हता.