निरोप थेट देवाला

जून उजाडला की आगरदांड्याला होड्या शाकारल्या जातात. मासेमारी बंद, राजपुरीची खाडी खवळलेली. पाहुण्याला वाटतं, कोळी आता नारळी पौर्णिमेपर्यंत मोकळे. त्याने जाळी तुणणाऱ्यांजवळ घटकाभर बसावं. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचं, फाटलेला आस शोधायचा, सुईने गाठ आवळायची, पुढे सरकायचं. श्रावणात दर्याला नारळ वाहिला जातो तेव्हा सारा गाव लोटतो. गाठी मारताना कोणी आलेलं नसतं.

देवाच्या आणि माणसांच्या सेवेसाठी अंगी काय हवं, असं विचारलं की आपण भक्ती, दया, त्याग अशी मोठी नावं घेतो. मला वाटतं, त्यांच्याही आधी हवा तो कोणी पाहत नसताना टिकणारा नेम.

आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोदे नावाचं गाव आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. तुळशीला पाणी घातलंस का, हे विचारल्याशिवाय आई त्यांना जेवायला वाढत नसे. घरचा फणस पिकला की गरे आधी शेजारच्या घरोघर जायचे, ते पोचवायचं काम लहान विन्याचं. मग घरच्यांनी खायचं. उपदेशाची गरजच नव्हती. समोर गरे असताना हात आवरून आधी शेजाऱ्याचं दार गाठायचं, हे मुलाच्या अंगवळणी पडत गेलं.

लोकांना 1951 चं भूदान आठवतं, गावोगावची पदयात्रा आठवते. मला त्याआधीचं सुरगाव जास्त मोलाचं वाटतं. 1946 च्या सुमारास विनोबा खांद्यावर फावडं घेऊन वर्ध्याजवळच्या पवनारहून रोज तीनेक मैल चालत त्या गावी मैला साफ करायला जात. वेद-उपनिषदांचा हा अभ्यासक वाट चुकवत नसे, की वेळ. एकदा पावसाळ्यात मधल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाणं अशक्य. तरी ते काठापर्यंत गेले आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून म्हणाले, देवळात जाऊन देवाला सांग, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळे येता आलं नाही. तो म्हणाला, पुजाऱ्याला सांगतो. विनोबांनी त्याला थांबवलं: पुजाऱ्याला नाही सांगितलंस तरी चालेल, देवाला सांग.

त्या दिवशी पाऊस होता, घरी थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण काम होणार नाही हे दिसत असतानाही ते काठापर्यंत गेले. आणि हजेरी कुणाकडे लावायची, याबद्दल त्यांच्या मनात जराही घोळ नव्हता. कौतुकाची भूक एवढी निवलेली असल्याशिवाय, माझ्या मते, दुसऱ्याची घाण प्रेमाने उचलताच येत नाही.

नारळी पौर्णिमेला मिरवणुकीत पुढे राहायला तरुण पुष्कळ मिळतात, आणि त्यांचा उत्साह खरा असतो. मंडळांनी त्यांना आणखी एक काम द्यावं: दुसऱ्या दिवशी पहाटे धक्का झाडायचं, आणि पुढे दर आठवड्याला तेच, पाऊस असो वा नसो.