मला शेवटी ठेव

देवा, उद्या पहाटे ओहोटी लागली की आम्ही प्रिन्सेप घाटाजवळून पाण्यात उतरू. चौदा माणसं, दहा कयाक. बजबज, उलुबेरिया, फालटा, डायमंड हार्बर करत खाली सागर बेटापर्यंत जायचं. ओहोटीत वल्हवायचं, भरतीत काठाला थांबायचं, संध्याकाळी तंबू ठोकायचे. एवढाच बेत आहे. या बेतात मला सगळ्यांत शेवटी ठेव.

पुढे जायची हौस अजून मेलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. समोर कुणाचं वल्हं दिसलं की माझे खांदे आपोआप जोर धरतात. म्हणून सांगते, शेवटी ठेव. चौदांच्या घोळक्याला वेग एकच, जो सगळ्यांत हळू आहे त्याचा. तो दमला की आम्ही दमलो. तो थांबला की आम्ही थांबलो. त्याच्या मागे राहून त्याला कळूही न देता हळू वल्हवणं मला जमू दे. मागून कुणी हाकतंय असं त्याला वाटू देऊ नकोस. घाईचा एक शब्दही माझ्या तोंडून निघू देऊ नकोस.

मी कोंबडीसारखी मोजत राहणार आहे. दर वळणावर मोजणार, धुक्यात तर दोनदोनदा मोजणार. माझी मोजदाद दर वेळी पुरी भरू दे.

देवा, कयाकमध्ये बसलं की माणूस किती लहान होतो, ते काठावरून कळत नाही. बूड पाण्याच्या पातळीला टेकलेलं असतं आणि डोळे पाण्याच्या हातभर वर. समोरची लाट एरवी गुडघ्याएवढी, पण बसल्यावर तिच्यापलीकडचं दिसत नाही. हल्दियाकडे जाणारं जहाज डोक्यावरून वाकून बघतंय असं वाटतं, आणि खरं तर ते बघतच नसतं. इतक्या उंचावरून आम्ही कुणाच्या नजरेत येणार? राखेने भरलेले बार्ज बांगलादेशाकडे निघालेले असतात, त्यांच्या काठाला आणि पाण्याला वीतभराचं अंतर. ते आमच्यासाठी वळू शकत नाहीत. आम्हीच वळायचं. आम्हाला वेळेवर वळायची बुद्धी दे. रेडिओवर आम्ही सोळा नंबरचा चॅनेल लावून ठेवू, शिट्ट्या गळ्यात अडकवू, केशरी जॅकेटं घालू. इतकं करूनही आम्ही दिसणार नाही. तुला दिसू दे.

माझं माहेर वाघोटनच्या खाडीकाठचं. खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग, आणि गिर्ये गावचा रामेश्वर तो तूच. देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव म्हणायचा आणि आम्ही पोरं मागे उभी राहून होय महाराजा म्हणायचो, काय मागतोय ते न ऐकताच. आता मागणारी मीच आहे, आणि होय म्हणायला इथे घाटावर कुणी नाही. तेवढं तू म्हण.

लग्न होऊन कोलकात्यात आले, तेव्हा या घाटामागचा किल्ला फोर्ट विल्यम होता. बाहेरून बघायला गेलं तर किल्ल्यासारखं काही दिसत नाही. गवताचा चढ, झाडं, पहाऱ्यावरचे जवान. तो जमिनीतच बसलेला आहे, उंच बुरूज नाहीत. ईस्टर्न कमांडचं मुख्यालय, आत जाणं आपल्यासारख्याचं काम नव्हे. 2025 च्या सुरुवातीला बातमी आली की या किल्ल्याला आता विजयदुर्ग म्हणायचं आणि सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट. गावाहून भावाचा फोन आला, "अगो ताई, आपलो किल्लो तुझ्या दारात इलो!" छाती फुगली, देवा. कबूल करते. मैदानावरून जाताना मी त्या भिंतीकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागले.

पण फुगलेली छाती घेऊन पाण्यावर जाता येत नाही, म्हणून इथेच तुझ्यापुढे ती रिकामी करते. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आरमाराच्या वॉटसनच्या गलबतांनी आणि क्लाइव्हच्या फौजेने आमचा विजयदुर्ग घेतला, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीतच जळून गेलं. त्या दिवशी पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. आमचं आरमार जाळायला आमचाच हात होता. वर्षही पुरं झालं नाही तर तेच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह या हुगळीत शिरले, त्यांनी नवाबाकडून कोलकाता परत घेतलं, मग प्लासी झाली आणि 1758 पासून हा नवा किल्ला उभा राहू लागला. त्यासाठी गोविंदपूर गाव उठवलं. वॉटसनने हा किल्ला पाहिलाच नाही. 1757 च्या ऑगस्टमध्येच तो गेला, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. एका खाडीतली राख दुसऱ्या नदीच्या काठाला कशी येऊन लागते, हे तू तेव्हाही बघत होतास.

आणि त्याच्याही आधी बर्गी. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले, तेव्हा घाबरलेल्या कोलकात्याने 1742 मध्ये खंदक खणायला घेतला. त्याला मराठ्यांचंच नाव पडलं. तो पुढे बुजवला आणि त्यावरून रस्ता गेला, माझी बस रोज तिथूनच जाते. इथल्या आया अजून लेकरांना निजवताना बर्गींची भीती घालतात. शेजारच्या बौदीने आपल्या नातवाला माझ्या मांडीवर देऊन तेच गाणं म्हटलं, तिच्या लक्षातही आलं नाही. आलं असतं तर हसली असती. मी हसले. पण देवा, ज्यांच्या भाताची कोठारं लुटली त्यांनी कुणापाशी गाऱ्हाणं घातलं असेल? तुझ्यापाशीच ना. त्यांचंही तुझ्याकडे जमा आहे. आम्ही त्याच नदीने, त्याच माणसांच्या अंगणात, तंबू ठोकायला जागा मागत जाणार आहोत. मागताना माझा आवाज खाली असू दे.

आभार कसे मानू? यादी केली तर ओहोटी निघून जाईल.

या खांद्यांसाठी आभार, साठीकडे झुकले तरी फिरतात. भांगाच्या पाण्यासाठी आभार. आम्ही अष्टमी धरूनच निघतोय, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या नदीत बान येतो, समुद्राचं पाणी भिंतीसारखं उभं राहून वर चढतं आणि काठच्या होड्यांना उचलून आपटतं. अष्टमीला ते निजलेलं असतं. पौषातल्या उत्तरेच्या वाऱ्यासाठी आभार, ओहोटी आणि वारा एकाच दिशेने वाहिले की पाणी गुळगुळीत होतं आणि नवशिक्यालाही आपण तरबेज आहोत असं वाटतं. वाटू दे त्याला थोडा वेळ.

घाटावरच्या माझीसाठी, म्हणजे नावाड्यासाठी, आभार. आम्ही सराव करतो तेव्हा तो आपली भुटभुटी, ती इंजिनाची होडी, लांबून आमच्या मागे ठेवतो, पैसे विचारले तर चहा सांगतो. नाव सोडताना तो बदर पिराचं नाव घेतो, मग गंगामाईचं. मी रामेश्वराचं घेते. होडीत जागा थोडी असते, पण तुम्ही सगळे मावता.

पिनाकी चटर्जी आणि जॉर्ज ड्यूक यांच्यासाठीही आभार. 1969 मध्ये ही दोन माणसं याच शहरातून वल्हव्या होडीने निघाली आणि बंगालचा उपसागर ओलांडून अंदमानला लागली. महिनाभर दोघंच, हाताने वल्हवत. आणि होडीचं नाव काय, तर कान्होजी आंग्रे. बंगालच्या पोराने समुद्रावर जाताना आमच्या सरखेलाचं नाव घेतलं, खंदक आणि बर्गी बाजूला ठेवून. त्यांच्यापुढे आमचं जाणं म्हणजे अंगणातली चक्कर. तरीही भीती तीच असते, देवा. ती अंतरावर ठरत नाही.

भीती सांगून टाकते. कुणी उलटेल, याची नाही. उलटणारच. त्याची तालीम झाली आहे: कयाकच्या तोंडावर ताणलेल्या स्कर्टचा पट्टा ओढून बाहेर यायचं, कयाक सोडायची नाही, दुसऱ्याने तिचं नाक आपल्या कयाकवर आडवं ओढून पाणी काढून द्यायचं, मग ती धरून ठेवायची आणि पडलेल्याने पोटावर सरपटत चढायचं. गार पाण्यात दात वाजतात, पण होतं. भीती आहे ती न ओरडणाऱ्याची. आमच्यात एक मुलगी आहे, कॉलेजातली, कुणाला त्रास नको म्हणून दुखणं लपवणारी. हाताला फोड आले तरी वल्हं घट्ट धरते. तिला बोलतं कर. नाहीतर तिचं न बोललेलं मला ऐकू येऊ दे. सगळ्यांत शेवटी राहू दे म्हणते ते यासाठीही.

आम्हाला भांडणापासून राख. नदीवर माणसं गोड असतात. तंबू लावताना चिडतात. पाणी कुणी संपवलं, कुणाचा पाय कुणाच्या पिशवीवर पडला, खिचडीत मीठ कुणी घातलं. चिखलाने माखलेल्या, भुकेल्या, अर्ध्या झोपेतल्या माणसांना एकमेकांची दया येऊ दे. पहिलं ताट मागणाऱ्याला पहिलं ताट मिळू दे, आणि मला त्याचा राग येऊ देऊ नकोस.

घोडामारा बेटाजवळ आलो की माझं मन सांभाळ.

तिथे उतरायला घाट आहे खरा, पण काठ रोज वेगळा असतो. ओल्या मातीचा उभा तुकडा सुटतो, त्याच्यासोबत झाडाची मुळं हवेत लोंबतात, आणि पाणी खालून तपकिरी होतं. लोहाचरा हे शेजारचं बेट गेलं. घोडामारा जातंय. पानाचे मळे असतात तिथल्या लोकांचे, काठ्यांच्या आणि गवताच्या भिंतींनी वेढलेले, आतून हिरवी सावली. मागच्या खेपेला तिथल्या एका म्हातारीने आमचे तंबू आपल्या उरलेल्या आवारात लावू दिले होते. तंबूची खुंटी ठोकताना तिने मला हात धरून चार पावलं आत नेलं आणि बोटाने खूण केली, इथे. मी जिथे ठोकत होते ती जागा पहाटेपर्यंत राहील याचा तिला भरवसा नव्हता. घर मागे मागे सरकवत ती इथवर आली होती. आता मागे दुसऱ्याचा मळा होता. तिने आम्हाला मुरी, म्हणजे चुरमुरे, दिली, हिरवी मिरची दिली, आणि विचारलं, "तोमरा केनो एशेछो मा?" का आलात गं बाई?

काय सांगणार होते? मौज म्हणून आलो, असं म्हणवेना. चांदणं बघायला, असंही म्हणवेना. जे तिच्या पायाखालून जातंय त्याच्यावर झोपायची आम्हाला हौस होती, आणि सकाळी आम्ही तंबू गुंडाळून निघून जाणार होतो. तिला गुंडाळून नेण्याजोगं काही नव्हतं. पुष्कळजण सागर बेटावर जाऊन राहिले. तिथेही समुद्र पुढे येतोच आहे. कपिल मुनींची जुनी देवळं पाण्यात गेली, आताचं देऊळ मागे बांधलेलं आहे. तुझीसुद्धा घरं समुद्राने नेली, देवा. मग तिची का तुला कळू नये?

तक्रार करत नाही. माझी ऐपतच काय. मी जन्मले एका खाडीकाठी, राहते दुसऱ्या नदीकाठी, आणि दोन्हीकडचं पाणी माझ्याहून जुनं आहे. पण गाऱ्हाणं घालायचं तर पुरतं घालावं, असं आमच्याकडे म्हणतात.

तर ऐक. आम्ही त्या काठावर प्लॅस्टिकचा कपटाही मागे ठेवणार नाही, एवढं आमच्याकडून करवून घे. तांदूळ आणि डाळ आमची आम्ही नेऊ, तिची मुरी संपवणार नाही, एवढी लाज ठेव. विचारल्यावाचून खुंटी ठोकणार नाही. शाळेच्या पटांगणात जागा दिली तर तिथे, नाही दिली तर पुढे. ती म्हातारी असेल तर मला ओळखू दे. ती नसेल तर कुठे गेली हे विचारायचं धैर्य दे.

आणि मागणं कमी करायचं असेल, तर आमच्यातून कर. थंडी पडू दे, धुकं पडू दे, हात सोलू देत, एखादा दिवस अडकून पडलो तरी चालेल. परतीची गाडी चुकली तर चुकू दे. चौदाच्या चौदा माणसं तेवढी राख, बाकी आमचं काही अडत नाही.

त्या बेटावरच्या माणसांच्या बांधाची माती मात्र धरून ठेव. पौषातलं भांगाचं पाणी आमचं आम्ही कसंबसं निभावून नेऊ. भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण तू बघ.