मधली सुट्टी

तालुक्याच्या गावी एक शाळा होती. आठवी ते दहावीची मुले फोन घेऊन येत. तासाला बाकाखाली फोन, मधल्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात फोन. मुख्याध्यापिकाबाईंनी सुताराकडून खण पाडलेले एक कपाट करून घेतले. प्रार्थनेनंतर फोन बंद करून खणात ठेवायचा, शाळा सुटताना घ्यायचा, असा नियम झाला.

पालकसभेत एक आई उभी राहिली. ती रोजंदारीला जायची. म्हणाली, "बाई, माझी पोरगी दोन एसट्या बदलून येते. दुपारी तिला काही झालं, तर मला कळायचं कसं?"

बाईंनी ऑफिसच्या फोनचा नंबर तिच्या मुलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिला. कुणाचाही निरोप आला, की शिपाईमामा वर्गात चिठ्ठी पोचवतील, असे सर्वांना सांगितले. आई खाली बसली.

पहिल्या दिवशी तास शांतपणे झाले. मधल्या सुट्टीची घंटा वाजल्यावर थोड्या वेळाने बाई व्हरांड्यात आल्या. मुले भिंतीला टेकून बसून होती. डबे खाऊन झाले होते, पण कोणी उठेना, कोणी कोणाशी फारसे बोलेना. मैदानात कमरेइतके गाजरगवत माजले होते. ग्रंथालयाला कुलूप होते. खेळाचे सामान उत्तरपत्रिकांच्या जुन्या गठ्ठ्यांखाली दबले होते.

तिसऱ्या दिवशी दहावीतला एक मुलगा बाईंकडे आला. "बाई, फोन ठेवला, त्याचं काही नाही. पण सुट्टीत आम्ही करायचं काय?"

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग ग्रंथालयाची किल्ली शोधून त्यांनी त्याच्याच हाती दिली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुले आणि शिक्षक मैदानात उतरले. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून त्यांनी ते उपटले. खो-खोचे खांब रोवले. शिपाईमामांनी फुटक्या कौलांचे तुकडे घासून लगोरी केली आणि नेम कसा धरायचा, तेही दाखवले. दोन एसट्या बदलून येणारी ती मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. खो-खोत तिने खांबाशी अशी झेप घेतली, की दहावीची मुलेही तिला आपल्या संघात मागू लागली.

पुढे शाळा सुटल्यावरही डाव संपेपर्यंत मुले कपाटाकडे फिरकेनात. कपाटाला कुलूप लावायला उशीर होतो, म्हणून शिपाईमामा त्यांना हाका मारत.

फोन दूर ठेवण्याचा नियम या एका शाळेपुरता नाही. शाळेत फोनला बंदी घालणारा कायदा फ्रान्सने २०१८ मध्ये केला. त्यानंतर अनेक देशांनी तोच मार्ग धरला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. तो वेळ तिथे अभ्यासाला, वाचनाला, घरातल्या गप्पांना मिळाला. मुलांच्या हातातून काही काढून घेतले, तर तो हात रिकामा राहणार नाही, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे. म्हणून फोनसाठी कपाट करायला टाकाल, त्याच दिवशी ग्रंथालयाचे कुलूप काढा आणि मैदान साफ करायला घ्या.