एका किकची किंमत

पुण्यातल्या डिसेंबरात बाबांच्या टू-स्ट्रोक स्कूटरला चोक ओढूनही सकाळी पंधरा-वीस किका लागायच्या. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, मिश्रणात ते जास्त लागतं. मी मिक्श्चरचा स्क्रूच फिरवून ठेवला. एका किकमध्ये सुरू! पण जास्तीचं पेट्रोल मग दिवसभर अर्धवट जळत राहिलं. सिग्नलला आरशात पाहिलं, तर मागच्या सायकलवरच्या मुलीनं ओढणी नाकाला लावलेली. चालवणाऱ्याला धूर लागतच नाही, तो मागे जातो. माझी सोय तिनं का भोगावी?

रविवारी कार्बोरेटर उघडला. पायलट जेटमध्ये कचरा होता. तो काढला, इंजिन गरम करून स्क्रू जागेवर आणला. सोमवारी चोक ओढून तीन किका.

आरशात पाहिलंच नसतं तर?