समोरचा गडी

मुलांच्या खेळांत जें चालतें तें प्रौढांच्या विचारास पात्र नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून रूढ आहे. आम्हीहि पुष्कळ दिवस ती बाळगून होतों. गेल्या नवरात्रांत घडलेल्या एका लहानशा गोष्टीनें ती ढळली. आणि त्या वेळीं जो प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तो केवळ खेळाचा नसून आचाराचा आहे, असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा नातू आणि शेजारच्या घरांतील त्याच्याच वयाचा एक मुलगा रोज सायंकाळीं आमच्या सोप्यांत पत्ते खेळत बसत. हे पत्ते आपल्या परिचयाचे राजा-राणी-गुलामाचे नव्हत. जपानांत १९९६ सालीं निघालेला हा 'पोकेमॉन' नांवाचा खेळ. 'खिशांतले राक्षस' असा त्या नांवाचा अर्थ. खेळणारे दोघेच. प्रत्येकाजवळ स्वतःचीं ६० पानें, आणि त्यांपैकीं कित्येकांवर चित्रविचित्र प्राणी: कोणी आग ओकणारा, कोणी डोंगराएवढा, कोणी समुद्र ढवळून काढणारा सर्प. प्रत्येकाच्या अंगीं बळ किती आणि त्याचा प्रहार किती जबर, याचे आंकडे पानावरच छापलेले असतात. एकानें आपला प्राणी पुढें करावा, दुसऱ्यानें आपला; प्रहारांची बेरीज बळाइतकी झाली कीं तो प्राणी पडला. आरंभीं प्रत्येकजण ६ पानें बक्षीस म्हणून उपडीं ठेवतो. समोरचा प्राणी पाडला कीं सामान्यतः त्यांतलें एक उचलावयाचें, आणि ज्यानें आपलीं सहाहि प्रथम उचललीं तो जिंकला.

हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हां आम्हांला विषाद वाटला. आमच्या आजोळीं सावंतवाडीची दशावतारी गंजिफा होती. लाखेच्या रोगणानें चकाकणारीं तीं १२० वाटोळीं पानें. १० अवतारांचे १० रंग, आणि प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान व एकापासून दहापर्यंत पानें. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातीं राम त्यानें उतारी करावी, रात्रीं मांडला तर ज्याच्या हातीं कृष्ण त्यानें, असा संकेत. बहुधा तिघे मिळून तो खेळ खेळत. आमच्या वडील मंडळींच्या हातांत देव होते आणि नातवाच्या हातांत राक्षस आले, हा उतार नव्हे तर काय, असें आम्हीं मनाशीं म्हटलें.

परंतु गंजिफेचा आठव जसजसा नीट होऊं लागला तसतसा आमचा हा निवाडा आम्हांलाच पोकळ वाटूं लागला. त्या पानांत वराह आहे, पण हिरण्याक्ष नाहीं. नरसिंह आहे, पण हिरण्यकशिपु नाहीं. राम आहे, पण रावण नाहीं. मग हे अवतार लढतात कोणाशीं? गंजिफेंत हुकूम नाहीं. रामाचें पान घ्यावयाचें तर रामाच्याच वरच्या पानानें घ्यावें लागतें. म्हणजे जो हरला त्याच्याहि हातांत देवच होता. नव्या खेळांत हीच गोष्ट उलट्या बाजूनें आहे: जिंकणाऱ्याच्या हातांतहि राक्षसच असतात. एका खेळांत दोन्हीकडे देव, दुसऱ्यांत दोन्हीकडे राक्षस. परंतु एकाकडे देव व दुसऱ्याकडे राक्षस, अशी वांटणी दोहोंतहि नाहीं. समोर बसलेला मनुष्य दुष्ट आहे असें मानल्यावांचून त्याच्याशीं निकरानें लढतां येतें, ही गोष्ट दोन्ही खेळ गृहीत धरतात.

हें तत्त्व कोल्हापुरकरांस कोणी नव्यानें शिकवावें असें नाहीं. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालीं खुलें झालें. त्याच्या तांबड्या मातींत दोन मल्ल समोरासमोर येत तेव्हां प्रथम सलामी होई, मग झोंबी. आपण कुस्ती 'लढतों' असें म्हणतों खरें, पण ती ठरवितांना जो शब्द योजतों तो 'जोडणें' हा आहे. पैलवानाला जोड पाहावी लागते. जोड न मिळाली तर त्याचें सारें बळ तालमींतच राहतें. कुस्तींतल्या पेंचाला आपण डाव म्हणतों आणि पत्त्यांच्या मांडणीलाहि डावच म्हणतों, यांतहि कांहीं औचित्य असावें. दोहोंना दुसरा मनुष्य लागतो, आणि तो तोडीचा लागतो.

अशा खेळांनीं मुलें क्रूर होतात, ही शंका पुष्कळ पालकांना येते. आम्हांलाहि ती आली होती. पण ह्या पत्त्यांत पडलेला प्राणी मेला असें म्हणत नाहींत. तो मूर्च्छित झाला असें समजतात. तो बाजूच्या ढिगांत जातो आणि पुढच्या डावांत इतरांबरोबर पिसला जाऊन पुन्हां हातीं येतो. क्रौर्याचा उगम तेथें शोधण्यांत अर्थ नव्हता. तो कोठें होता, हें आम्हांला लवकरच कळलें.

शेजारच्या कुटुंबाशीं आमचा एका सामाईक भिंतीवरून वाद आहे. ललितापंचमीच्या दिवशीं तो विकोपास गेला. त्या दिवशीं अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीस जाते आणि कुमारिकेच्या हस्तें कोहळा फोडून असुरवधाचें स्मरण केलें जातें. दर्शन घेऊन आम्ही परतलों, तों दारांतच बोलाचाली झाली. घरांत येतांच, रागाच्या भरांत, आम्हीं म्हटलें, "त्या राक्षसांच्या घरांतलें पोर यापुढें ह्या सोप्यांत नको." तें पोर तेव्हां सोप्यांतच बसलें होतें. पानें तशींच टाकून तें निघून गेलें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं नातवानें दोन्ही गड्ड्या घेतल्या, समोरासमोर मांडल्या आणि एकदां ह्या बाजूस, एकदां त्या बाजूस बसून एकटाच खेळूं लागला. पांच-सात मिनिटांत त्यानें पानें आवरलीं. कां रे, म्हणून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, दोन्हीकडचीं पानें मलाच दिसतात." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. खेळांतली एक अडचण त्यानें सांगितली, इतकेंच. आम्हांला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनीं १९३८ सालीं 'होमो ल्यूडेन्स' हा खेळाविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं एक मार्मिक भेद दाखविला आहे. खेळांत लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा हे दोन निराळे अपराधी होत. लबाड गडी निदान खेळ मानण्याचें सोंग तरी करतो. म्हणून लोक त्याचा अपराध त्या मानानें सौम्य धरतात. खेळ मोडणारा तें सारें जगच उधळून देतो, आणि त्याला ते सहसा क्षमा करीत नाहींत. आमच्या सोप्यांत त्या दिवशीं लबाडी कोणींच केली नव्हती. खेळ मोडणारे आम्ही होतों. राक्षस पानावर होता तोंवर तो निरुपद्रवी होता. आम्हीं तो पानावरून उचलला आणि एका दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर चिकटविला.

येथें कोणी म्हणेल, जग म्हणजे कांहीं पत्त्यांचा डाव नव्हे. अन्याय खरा असतो, अन्याय करणाराहि खरा असतो. त्यालाहि का खेळगडी समजावयाचें? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. द्यूतसभेंत शकुनीच्या फांशांनीं जें हरविलें तें 'पुन्हां डाव मांडूं' म्हणून भरून येणारें नव्हतें. तेथें कपटाला कपट म्हणणें हाच धर्म होता. आमचेंहि म्हणणें एवढेंच कीं, कृत्याला नांव ठेवणें वेगळें आणि मनुष्याला राक्षस ठरविणें वेगळें. पहिल्यांत विरोधाला मर्यादा राहते. दुसऱ्यांत ती राहत नाहीं, कारण राक्षसाशीं वागतांना कोणताच नियम पाळावयास नको, अशी सोय आपण स्वतःस करून घेतों. ज्याला आपण राक्षस म्हटलें त्याचें लहान मूलहि मग आपल्याला राक्षसच दिसतें. आमच्या रागाचें खरें कारण ती भिंत होती. पण 'राक्षस' हा शब्द उच्चारल्याबरोबर भिंतीचा विचार करण्याचें आमच्यावरील बंधन संपलें, आणि मनाला एक प्रकारची सुखाची ऊब आली. ह्या सुखाची आम्हांला आतां सर्वांत अधिक भीति वाटते.

आणि ज्या कथेचा उत्सव आपण त्या दिवशीं करतों ती तरी काय सांगते? तिचे पाठ अनेक आहेत. नगराच्या नांवाची व्युत्पत्ति विद्वान निराळीहि लावतात. तथापि लोकांच्या तोंडीं असलेली कथा अशी कीं, देवीच्या हातून पडतांना कोल्हासुरानें वर मागितला: हें क्षेत्र माझ्या नांवानें ओळखलें जावें. देवीनें तो दिला. वध टळला नाहीं. अन्यायाशीं तडजोड झाली नाहीं. परंतु वैर तेथें संपलें, आणि हरलेल्याचें नांव नगराला मिळालें. आम्ही कोल्हापूरकर पत्रावर गांवाचें नांव घालतों तेव्हां त्या पराजिताचेंच नांव लिहीत असतों. खऱ्याखुऱ्या असुराला जें देवीनें नाकारलें नाहीं, तें भिंतीवरून भांडणाऱ्या शेजाऱ्याला नाकारावें, असा आमचा अधिकार कोणता?

चार दिवसांनीं, दसऱ्याच्या संध्याकाळीं, आम्ही सोनें द्यावयास शेजारीं गेलों. बरोबर त्या मुलाची गड्डी घेतली होती. ती त्याच्या हातीं देऊन, झाल्या बोलण्याबद्दल आम्हीं त्याची, त्याच्या वडिलांच्या देखत, क्षमा मागितली. वडिलांनीं आपट्याचीं पानें घेतलीं, पण बसा म्हटलें नाहीं. भिंतीचा वाद अजून आहे तसाच आहे. आमची बाजू न्याय्य आहे असें आम्हांला आजहि वाटतें, त्यांना त्यांची वाटत असणार. मुलगा मात्र दोन दिवसांनीं सोप्यांत येऊन बसला. पहिला डाव त्यानें जिंकला. आमच्या नातवानें हरलेलीं पानें गोळा केलीं, पिसलीं, आणि गड्डी काटण्यासाठीं त्याच्यापुढें धरली.