सुटलेला रोग आणि सांगण्याची सक्ती

सार्वजनिक तपासणी मोहिमेत एखाद्याचा रोग नजरेतून सुटला आणि जुनी चाचणी पुन्हा पाहताना ते उघड झाले, तर ते त्या व्यक्तीला कळवण्याची कायद्याने सक्ती असावी का? आयर्लंडमध्ये 2018 साली हा पेच चव्हाट्यावर आला. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या 221 स्त्रियांच्या जुन्या चाचण्यांचा निष्कर्ष फेरतपासणीत वेगळा निघाला होता. बहुतेकींना ते कळवलेच नव्हते. त्यांपैकीच एक असलेल्या व्हिकी फेलन यांची 2011 ची चाचणी निर्दोष ठरली, कर्करोग 2014 मध्ये कळला आणि जुन्या चाचणीतली चूक 2017 मध्ये.

पूर्वपक्ष : तपासणी ही चाळणी आहे, त्यातून काही दाणे सुटणारच. प्रत्येक दाण्याचा जाब द्यायचा झाला, तर फेरतपासणीला कोणी हात लावणार नाही. शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्रे शिरू नये म्हणून फळी टेकवली की झाले. तिथे कुलुपाचे काम श्रद्धा करते. आरोग्यसेवेतही विश्वास पुरे.

उत्तरपक्ष : त्याच गावात युको बँकेने जानेवारी 2011 मध्ये कुलुपाविना शाखा उघडली, तरी खातेवही ठेवावीच लागते. शिवाय उघड्या घरातला हंडा गेला तर घरच्यांना सकाळी कळते. चाचणीत सुटलेली गाठ मात्र फक्त संस्थेच्या कागदावर दिसते. ज्याचे गेले त्याला पत्ताच नाही, तिथे विश्वास एकतर्फी होतो.

पूर्वपक्ष : नोंदीच्या सक्तीचा महाराष्ट्राला अनुभव आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने 1988 मध्ये कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. सोनोग्राफी केंद्राला गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावा लागतो. फॉर्ममधली उणीवही गुन्हा ठरू शकते. लेखणीच्या चुकीला तुरुंग, ही डॉक्टरांची तक्रार 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली नाही.

उत्तरपक्ष : तिथे लपवलेला गुन्हा पकडायचा असतो आणि कागद हाच पुरावा असतो. इथे माणसाला त्याचीच माहिती द्यायची आहे. आयर्लंडच्या 2023 च्या कायद्याने खुलेपणाने सांगणे बंधनकारक केले. पण त्या वेळी मागितलेली माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे, असेही त्यात लिहिले.

सिद्धान्त : सांगण्याची सक्ती हवी, शिक्षा मात्र निष्काळजीपणाला किंवा लपवण्याला असावी, प्रामाणिक चुकीला नव्हे. अहवालही दोन हवेत : व्यक्तीला तिच्या नावानिशी, लोकांना नावाशिवाय, आकड्यांत. भारतात तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, आणि स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्याही कर्करोगासाठी तपासणी होते. त्यासाठी ‘आशा’ आरोग्यसेविका घरोघरी फॉर्म भरतात. त्या कागदाची पुढे फेरतपासणी झाली, तर तिचे उत्तर ऐकण्याचा पहिला हक्क कागदावर ज्याचे नाव आहे त्याचा.