चौदा पाट्यांचा लाल

2024 च्या फेब्रुवारीत बेंगळुरूतल्या पाटीवाल्यांना झोप नव्हती. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, तेही 28 तारखेच्या आत, असं महापालिकेने बजावलं होतं. अव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत निपाणीच्या दोन भावांचं दुकान. एका कापडवाल्याने त्यांना 14 शाखांच्या पाट्या सांगितल्या. सात थोरल्याने घेतल्या, सात धाकट्याने.

थोरल्याचा हात चपळ. अक्षर पिवळं, त्याच्याखाली पांढऱ्या कडेची प्रत, तिच्याखाली जाड लाल कडेची. असे प्रत्येक नावाचे तीन थर रचत दुपारपर्यंत त्याच्या चार पाट्या झाल्या. धाकटा अजून इलस्ट्रेटरमध्ये पहिल्याच शब्दाशी खेळत होता. एकाच अक्षराला अपिअरन्स पॅनेलमध्ये त्याने पिवळा रंग, दोन कडा आणि सावली दिली, ते सगळं ग्राफिक स्टाइल म्हणून साठवलं आणि नाव दिलं ‘पाटी’.

“नक्षी कसली काढतोस? पाटी काढ!” थोरला म्हणाला.

संध्याकाळी धाकट्याने सातही पाट्या एकाच फाइलमध्ये घेतल्या, नावं टाकली आणि सगळ्यांवर ती स्टाइल लावली.

दुसऱ्या दिवशी शेटजींचा फोन आला. लाल भगवा दिसतो, गडद करा. धाकट्याने एका शब्दाची कड गडद केली आणि मेनूतून स्टाइल नव्याने ठरवली. सातही पाट्या जागच्या जागी बदलल्या. थोरला रात्रभर थर उचकटत बसला, तरी जयनगरची पाटी जुन्याच लाल रंगात चढली. शेटजींनी ती उतरवायला लावली.

पुढच्या ऑर्डरीला थोरल्यानेही स्टाइल केली. मात्र कटिंगला पाठवण्याआधी जुन्या सवयीने सगळं एक्सपान्ड करून त्याच फाइलवर सेव्ह केलं. गिऱ्हाइकाने कड बारीक करायला सांगितली, तर एक अक्षर हलेना.

“अरे, ही तुझी स्टाइल ऐकत नाही!”

“दादा, एक्सपान्ड केलंस की अक्षराचं स्टाइलशी नातं तुटतं. बाहेर द्यायची ती प्रत. मूळ आपल्यापाशी राहू द्यायचं.”

“हे आधी नाही का सांगायचं?”

“तू चार पाट्या मोजत होतास.”

थोरला हसला, पण थोडंच. बाय-टू कॉफी मागवून त्याने नवी फाइल उघडली. गिऱ्हाईक बाकावर ताटकळत होतं. त्याच्याकडे न बघता थोरला पहिल्या अक्षराच्या कडेची जाडी ठरवू लागला.